अ‍ॅपल मॅकमधून इंटेलला निरोप देणार का? तुमचा अंदाज सांगा (आणि आत्ता मशीन घ्यावं की थांबावं?)

अक्षरजुळणी | १२ जून २०२०, सकाळी ११:१०

२२ जूनला अ‍ॅपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी (डेव्हलपरांची वार्षिक परिषद) आहे, करोनामुळे यंदा पूर्ण ऑनलाइन. एप्रिलमध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली होती की २०२१पर्यंत अ‍ॅपल स्वतःची चिप असलेला मॅक आणणार. आठ वेगवान आणि चार कमी वीज खाणारे असे बारा कोअर, ५ नॅनोमीटर (हा आकडा जितका लहान तितकी चिप पुढची), बनवणार तैवानची टीएसएमसी. आता ९ जूनला त्यांचीच दुसरी बातमी आली की घोषणा याच परिषदेत होईल.

उत्सुकता तर आहेच, पण माझ्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. मी पुण्यात पुस्तकं आणि दिवाळी अंकांची मांडणी करतो. जुलैपासून अंकांचा मजकूर यायला लागेल आणि सध्याचा मॅक थकला आहे. नवं सगळं काम इनडिझाइनमध्ये, युनिकोडवर होतं. पण जुन्या प्रकाशकांची पुस्तकं पेजमेकरमध्ये आहेत, बिगर-युनिकोड फाँटात. पुनर्मुद्रण निघालं की बूटकँपने (मॅकवर थेट विंडोज सुरू करायची सोय) विंडोजमध्ये जायचं, डाँगल (परवान्याची चावी) लावायचा आणि फाइल उघडायची. इंटेल गेला तर बूटकँपचं काय होणार?

जाणकारांनी अंदाज सांगावेत. नुसता "होईल" किंवा "नाही होणार" नको, का वाटतं तेही लिहा.

---

वैनतेय | १२ जून, ११:५२

होणार नाही. झालंच तर एखादा छोटा, हलका मॅकबुक निघेल, बस.

कारण सरळ आहे. मायक्रोसॉफ्टने हा प्रयोग करून पाहिला आहे. २०१२मध्ये एआरएमवर, म्हणजे फोनमध्ये असते त्या जातीच्या चिपवर, विंडोज आरटी आणलं, त्यावर जुने प्रोग्रॅम चालेनात, लोकांनी घेतलंच नाही. गेल्या वर्षी सरफेस प्रो एक्स आला. त्यावर इंटेलचे ३२ बिटचे प्रोग्रॅम रडतखडत चालतात, ६४ बिटचे चालतच नाहीत. एआरएम फोनसाठी उत्तम आहे, पण दिवसभर राबणाऱ्या संगणकाचं काम वेगळं.

---

गोधडी | १२ जून, १२:०५

मॅक प्रोच्या चार चाकांना ४०० डॉलर घेतात, स्क्रीनच्या नुसत्या स्टँडला ९९९ डॉलर. स्वतःची चिप आणली तर तिला काय लावतील याचा अंदाज बांधा आधी!

---

चंद्रकोर | १२ जून, रात्री ९:४०

मी सॅन होजेला चिपच्या क्षेत्रात काम करते. अ‍ॅपलमध्ये नाही, त्यामुळे आतली कुठलीही खबर माझ्याकडे नाही. जे लिहितेय ते सगळं जाहीर आहे.

फुटलेल्या बातम्यांमागे धावू नका असं माझं ठाम मत आहे. कंपनी काय विकत घेते, कोणता भाग स्वतः करायला लागते आणि कोणता दरवाजा बंद करते, हे पाहायचं. या तीन गोष्टी लपवता येत नाहीत.

२००८मध्ये अ‍ॅपलने पी. ए. सेमी ही चिप बनवणारी छोटी कंपनी २७.८ कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षी चिपतज्ज्ञ जॉनी स्रूजी अ‍ॅपलमध्ये आले. २०१०मध्ये ए४ आली, पहिल्या आयपॅडमध्ये. २०१३मध्ये ए७, फोनमधली पहिली ६४ बिट चिप. फोनला तेव्हा ६४ बिटची तातडीची गरज नव्हती. मग ते कशासाठी होतं, हे स्वतःला विचारा.

पुढे मॅककडे या. २०१६च्या मॅकबुक प्रोमध्ये टी१, २०१७च्या शेवटी आयमॅक प्रोमध्ये टी२. एसएसडीचं एन्क्रिप्शन, सुरू होतानाची सुरक्षा, कॅमेऱ्याची प्रक्रिया, एकेक काम इंटेलच्या हातून काढून घेतलं. म्हणजे आजच्या बहुतेक मॅकमध्ये अ‍ॅपलची एआरएम चिप आधीच बसलेली आहे. गेल्या ऑक्टोबरात कॅटलिनाने (मॅकओएसची नवी आवृत्ती) ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, लोक चिडले. ज्यांना नवी चिप आणायची आहे ते आधी घर असंच झाडून घेतात. इंटेलचा फोन मोडेमचा विभागही गेल्याच वर्षी विकत घेतला.

वैनतेय, "फोनची चिप" म्हणून एआरएमला बाजूला काढू नका. २०१८च्या आयपॅड प्रोमधल्या ए१२एक्समध्ये १००० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, आणि पंखा नाही. ए१३ खिशातल्या फोनची चिप, तरी आनंदटेक या संकेतस्थळाच्या गेल्या वर्षीच्या चाचण्यांत एका कोअरच्या कामात ती डेस्कटॉपच्या उत्तम प्रोसेसरांच्या जवळ जाऊन बसते. इंटेलच्या एका सूचनेची लांबी १ ते १५ बाइट, कुठलीही असू शकते. ६४ बिट एआरएमची प्रत्येक सूचना बरोबर ४ बाइटची. त्यामुळे एका ठोक्याला जास्त सूचना उलगडणं सोपं जातं आणि वीज कमी लागते.

दुसरीकडे इंटेल २०१४पासून १४ नॅनोमीटरवर आहे. १० नॅनोमीटर वर्षानुवर्षं लांबलं. अ‍ॅपलने पातळ लॅपटॉपचे आराखडे ज्या चिपा येतील म्हणून केले, त्या वेळेवर आल्याच नाहीत.

माझा अंदाज: २२ तारखेला घोषणा होईल, आणि ती सगळ्या मॅकसाठी असेल. एका मॉडेलसाठी एवढी चिप कोणी बनवत नाही.

---

दापोलीकर | १३ जून, सकाळी ८:१५

चंद्रकोरताई, सुंदर प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

आमच्याकडे निसर्ग वादळानंतर अजून बऱ्याच वाड्यांत वीज नाही. मी तालुक्याच्या गावी येऊन फोन-लॅपटॉप चार्ज करतोय. दिवसभर चालणारी बॅटरी हा इकडे चैनीचा विषय नाही. बारा कोअर राहू देत, बारा तास टिकणारा लॅपटॉप आला तर मी लगेच घेईन.

---

जुना_खेळाडू | १३ जून, दुपारी १:३०

मुंबईत जाहिरात क्षेत्रात प्रीप्रेसला (छपाईपूर्व कामाला) उभं आयुष्य गेलं, त्यामुळे अशी दोन स्थित्यंतरं जवळून पाहिली आहेत. थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं १९९४. मोटोरोलाच्या ६८००० चिप घराण्यातून पॉवरपीसी चिपवर. पॉवर मॅकिंटॉश ६१००, ७१००, ८१०० आले तेव्हा जुने प्रोग्रॅम चालवणारा इम्युलेटर मशीनच्या रॉममध्येच होता. आम्हाला काही करावं लागलं नाही, फक्त जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर अपेक्षेएवढा पळायचा नाही.

दुसरं २००५, पॉवरपीसीतून इंटेलवर. जॉब्सने २००३मध्ये पॉवरपीसीची जी५ दाखवताना वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचं वचन दिलं होतं. दोन वर्षांनी २.७पर्यंतच गाडी पोचली होती आणि जी५ लॅपटॉपमध्ये कधी मावलाच नाही. तेव्हाही परिषदेच्या दोन-तीन दिवस आधी सीनेट या संकेतस्थळाने बातमी फोडली होती. आमच्या ऑफिसात कोणी विश्वास ठेवला नाही. ६ जूनला जॉब्सने स्टेजवरून सांगितलं की ओएस एक्स पाच वर्षं गुपचूप इंटेलवर चालवून पाहत होतो. तीच गत आज असणार. कुठल्या तरी खोलीत मॅकओएस एआरएमवर कधीचं पळत असणार.

आता अक्षरजुळणी यांच्या कामाचं. जानेवारी २००६मध्ये पहिले इंटेल मॅक आले. फोटोशॉप मात्र सीएस३ रूपात एप्रिल २००७मध्ये इंटेलसाठी आलं. मधलं वर्षभर ज्यांनी हौसेने नवं मशीन घेतलं, ते रोझेटातून (जुन्या चिपचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणारा भाषांतरकार) फोटोशॉप चालवत होते आणि मोठ्या फाइली हळू उघडत होत्या. आम्ही जी५वरच काम ओढलं. धंद्याचं मशीन घेताना तुमचा मुख्य प्रोग्रॅम कधी येतो ते बघायचं, चिप कधी येते ते नाही.

आणि दुसरी बाजूही सांगतो. ऑगस्ट २००६मध्ये मॅक प्रो येऊन काम पुरं झालं. ऑगस्ट २००९मध्ये स्नो लेपर्ड आलं आणि त्याने पॉवरपीसी सोडून दिलं. ज्यांनी २००५च्या शेवटी महागडा जी५ क्वाड घेतला त्यांना नवी प्रणाली मिळायची बंद झाली ती चार वर्षांच्या आत. मशीन चालत राहिलं, पण एकटं पडलं.

---

ताळेबंद | १३ जून, दुपारी २:०२

सीए आहे. टॅली फक्त विंडोजवर. डिजिटल सहीचे टोकन, रिटर्न भरायच्या युटिलिट्या, सगळ्यांचे ड्रायव्हर विंडोजचे. मी मॅक घेतला तोच मुळी बूटकँप आहे म्हणून. बूटकँप गेलं तर माझ्यासारखे परत विंडोज लॅपटॉपवर. एवढे ग्राहक अ‍ॅपल सोडेल?

---

अधांतर | १३ जून, दुपारी ३:१८

+१. मडगावला आर्किटेक्ट आहे. रेव्हिट (इमारतींच्या आराखड्यांचा प्रोग्रॅम) मॅकवर नाहीच. निम्मा दिवस विंडोजमध्ये जातो.

---

चंद्रकोर | १३ जून, रात्री १०:०५

ताळेबंद, अधांतर, तुमची अडचण खरी आहे, पण हो, मला वाटतं सोडेल. २००६मध्ये बूटकँप आणलं तेव्हा विंडोजवाल्यांना मॅककडे ओढायला त्याची गरज होती. आता आयफोनमुळे लोक मॅककडे येतात. बूटकँपशिवाय आता त्यांचं अडत नाही, आणि ज्याची कंपनीला गरज उरत नाही ते टिकेल असं धरून चालू नका.

जुना_खेळाडू काका, तुमचा प्रतिसाद माझ्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

अवांतर: एआरएम ही कंपनी १९९०मध्ये स्थापन झाली ती एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय यांच्या भागीदारीतून. १९९३च्या न्यूटन या त्यांच्या हातातल्या छोट्या संगणकामध्ये एआरएम ६१० होती. तीस वर्षांपूर्वी ज्याचं बी पेरलं तिकडे अ‍ॅपल आता पूर्ण वळते आहे, हे मला फार भारी वाटतं.

---

वैनतेय | १४ जून, सकाळी ९:२०

बी पेरण्याचं ठीक, पण अंदाजबाजीचा इतिहासही काढा ना. अ‍ॅपलचा टीव्ही संच येणार म्हणून एक विश्लेषक वर्षानुवर्षं सांगत होते, आला का? एअरपॉवर ही बिनतारी चार्जिंगची चटई तर अ‍ॅपलने स्वतः सप्टेंबर २०१७मध्ये स्टेजवर दाखवलं आणि मार्च २०१९मध्ये रद्द केलं. जाहीर केलेलंही येत नाही, तिथे न जाहीर केलेल्याच्या भरवशावर अक्षरजुळणींनी दिवाळी अंक अडकवायचे का?

---

कुंदा_नाशिक | १४ जून, सकाळी ११:४५

वैनतेय यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. २०१०ला आयपॅडच्या आधी सगळीकडे हजार डॉलर किंमत चालली होती, प्रत्यक्षात ४९९ला आला. वस्तू ओळखली, किंमत साफ चुकली. म्हणून मी अंदाजांतलं "काय येणार" ऐकते, "कधी आणि केवढ्याला" सोडून देते.

मी लग्नाचे आणि शाळांचे व्हिडिओ संपादित करते. सध्या लग्नं बंद, शाळा बंद, त्यामुळे हातात वेळ आहे आणि पैसा नाही. माझं थांबणं आपोआपच ठरलं. पण एक विचारायचं होतं. स्वतःची चिप आली तर मॅक स्वस्त होईल का? आज एअर ९२,९९०पासून सुरू होतो.

---

गोधडी | १४ जून, दुपारी १२:०१

कुंदाताई, इंटेलचे पैसे वाचतील हे नक्की. ते कोणाच्या खिशात वाचतील हे बघायचं. (ह. घ्या.)

---

शून्यवेळ | १४ जून, दुपारी ४:३०

संगणकशास्त्र शिकतो, शेवटचं वर्ष. परीक्षा होणार की नाही याचा अंदाज कोणी सांगत असेल तर तोही धागा काढा.

गंभीर प्रश्न: इंटेलचा प्रोग्रॅम एआरएमवर चालवायला सरफेसमध्ये एवढा त्रास होतो, तर अ‍ॅपलला का जमेल?

---

चंद्रकोर | १४ जून, रात्री ९:१५

छान प्रश्न. दोन मार्ग असतात. प्रोग्रॅम चालता चालता तुकड्यातुकड्याने भाषांतर करायचं, किंवा बसवतानाच पूर्ण भाषांतर करून डिस्कवर ठेवायचं. दुसऱ्यात सुरुवातीला वेळ जातो, नंतर सुसाट. शिवाय अ‍ॅपलची जमेची बाजू म्हणजे चिप त्यांची, कंपायलर त्यांचा, प्रणाली त्यांची. भाषांतराला जे अवघड जातं त्यासाठी चिपमध्येच सोय करून ठेवता येते. मायक्रोसॉफ्ट क्वालकॉमच्या फोन चिपवरून निघालेल्या चिपेवर हे करते आहे. ३२ बिटचं ओझंही अ‍ॅपलने आधीच टाकून दिलं आहे, हे विसरू नकोस.

---

दापोलीकर | २२ जून, रात्री १०:२५

पाच मिनिटं राहिली. वीज आली आहे. आलेत का सगळे?

---

शून्यवेळ | २३ जून, रात्री १२:२०

झालं!!! चंद्रकोरताई, शंभर टक्के!

"अ‍ॅपल सिलिकॉन". सगळ्या मॅकसाठी, दोन वर्षांत पूर्ण. पहिला मॅक याच वर्षाच्या शेवटी. रोझेटा २, आणि ते प्रोग्रॅम बसवतानाच भाषांतर करणार, अगदी ताईंनी लिहिलं होतं तसं. दाखवलेलं सगळं प्रात्यक्षिक आयपॅडच्या ए१२झेड चिपवर चाललं होतं. डेव्हलपरांना तीच चिप घातलेला मॅक मिनी देणार, ५०० डॉलर, आणि नंतर परत करायचा.

---

वैनतेय | २३ जून, सकाळी ७:५०

विंडोजचा शब्दही निघाला नाही, हे लक्षात घ्या. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत दुसरी प्रणाली चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्स दाखवलं, विंडोज नाही. ताळेबंद आणि अधांतर यांचा प्रश्न तिथेच आहे.

---

ताळेबंद | २३ जून, सकाळी ८:१०

बघितलं. ऑफिससाठी विंडोज लॅपटॉपच घेतो आता. मॅक घरी.

---

जुना_खेळाडू | २३ जून, सकाळी १०:००

वर्ड, एक्सेल, फोटोशॉप, लाइटरूम, सगळं आताच नव्या चिपवर चालताना दाखवलं. २००५ला अडोब आणि मायक्रोसॉफ्ट स्टेजवर येऊन शब्द देऊन गेले होते, या वेळी काम करून आणलं आहे. हा फरक फार मोठा आहे.

अक्षरजुळणी, टिम कुक शेवटी म्हणाले ते ऐकलंत का? इंटेलचे नवे मॅकही अजून यायचे आहेत आणि इंटेल मॅकना आणखी काही वर्षं प्रणाली मिळत राहील. तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं.

---

अक्षरजुळणी | २३ जून, रात्री ८:३०

ऐकलं, आणि ठरलं. इंटेलचा २७ इंची आयमॅक घेणार, पण नवा येतो का ते महिनाभर पाहून. तोवर जुन्यावर ओढतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. एक खंत मात्र राहते. चिपा बदलतील, पण मराठी पुस्तकांची वीस-पंचवीस वर्षांची अक्षरजुळणी अशा फाइलींत अडकून पडली आहे, ज्या उघडायला एक विशिष्ट विंडोज, एक विशिष्ट फाँट आणि एक डाँगल लागतो. प्रकाशकांकडे बहुतेकदा छापील प्रत आणि सीडी एवढंच असतं. त्याची चिंता या घोषणेने वाढली.

---

चंद्रकोर | २६ जून, सकाळी ६:४०

अ‍ॅपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगींनी नंतरच्या मुलाखतीत स्पष्ट केलं आहे: दुसरी प्रणाली थेट सुरू करता येणार नाही, फक्त व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे मॅकओएसच्या आतच ती चालवायची. म्हणजे बूटकँप गेलं. अक्षरजुळणी, तुमच्या जुन्या फाइलींची सोय इंटेलच्या मशीनवर असतानाच लावा.

---

जुना_खेळाडू | २६ जून, सकाळी ९:३०

हे कसं करायचं ते लिहितो, इतर डीटीपीवाल्यांनाही उपयोग होईल. पेजमेकर ७ हे २००१चं, शेवटचं. मॅकवरचं पेजमेकर क्लासिकवर (जुन्या मॅक प्रणालीचे प्रोग्रॅम चालवायची सोय) अवलंबून होतं, ते इंटेल मॅकवर कधीच चाललं नाही. इनडिझाइन सीएस६ पेजमेकर ६ आणि ७च्या फाइली उघडतं, पुढच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. सीएस६ ३२ बिट आहे, म्हणून कॅटलिनावरही चालणार नाही. तेव्हा विंडोजमध्ये सीएस६ ठेवा, प्रत्येक फाइल उघडून आयडीएमएल (इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्याही उघडतात ते रूप) करून ठेवा. नंतर नव्या इनडिझाइनमध्ये उघडून मजकूर कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारी इनडिझाइनमधली सोय) लावा. जोडाक्षरं, रफार आणि अर्धा र तपासायला माणूसच बसवावा लागेल. प्रत्येक पुस्तकाची मूळ रूपातली पीडीएफही जपा.

---

कुंदा_नाशिक | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:००

धागा वर काढतेय. काल रात्री एम१ आली! एअर, १३ इंची प्रो आणि मिनी. १६०० कोटी ट्रान्झिस्टर, चार वेगवान आणि चार काटकसरी कोअर. ब्लूमबर्गचे बारा कोअर काही आले नाहीत, आणि २०२१च्या आधीच आली.

एअर ९२,९०० म्हणजे जवळपास तेवढाच, पण मिनी ६४,९००ला. एअरमध्ये पंखाच नाही, आणि व्हिडिओ पाहताना १८ तास बॅटरी म्हणतायत.

---

दापोलीकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०४

अठरा! मी पैसे जमवायला लागतो.

---

अक्षरजुळणी | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

भाऊबीज झाली, आता निवांत लिहितो. ऑगस्टमध्ये नवा २७ इंची आयमॅक आला, इंटेलचाच, तो घेतला. मेमरी स्वतः वाढवता येते म्हणून बाहेरची घातली. अंक वेळेत छापून गेले. जुन्या फाइलींचं काम काकांनी सांगितलं त्या पद्धतीने सुरू आहे. एका प्रकाशकांनी पूर्ण यादी करून दिली, दुसरे अजून माळ्यावर शोधतायत.

कालची परीक्षणं वाचून एम१ मिनी घ्यावासा वाटतोय. इनडिझाइन सध्या रोझेटातून चालेल, फोटोशॉप पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला येणार म्हणतात. काका, थांबावं ना?

---

जुना_खेळाडू | १८ नोव्हेंबर, दुपारी १:००

थांबा. इनडिझाइन आलं की घ्या.

---

शून्यवेळ | १८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

एम१ला १६ जीबीच्या पुढे मेमरी नाही आणि थंडरबोल्टची दोनच पोर्ट आहेत. म्हणजे १६ इंची प्रो आणि मोठ्या आयमॅकसाठी वेगळी चिप येणार हे नक्की. ताई, ते बारा कोअर त्यात असतील का?

---

चंद्रकोर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आठ वेगवान कोअर तरी असतील असं मला वाटतं. पण माझी खरी उत्सुकता मॅक प्रोची आहे. मेमरी चिपशेजारी चिकटवून हा वेग मिळवला आहे, आणि मॅक प्रो घेणारे दीड टीबीपर्यंत मेमरी घालतात. वेग आणि वाढवण्याची सोय, दोन्ही एकत्र कसं जमवणार? दोन-तीन मोठ्या चिपा जोडतील, की मेमरीच्या खाचा सोडून देतील? यावर वेगळा धागा काढूया, वैनतेय यांनी पहिला विरोध नोंदवावा.

---

वैनतेय | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

नोंदवतो. मॅक प्रो दोन वर्षांत होणार नाही. धाग्याचा दुवा इथे टाका.